आवडीचा कर्ता

पौष सरत आला, म्हणजे परभणी जिल्ह्यातील काळ्या रानांत ज्वारीची कणसे दुधाळ दाण्यांनी भरून येतात. गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजावी, गरम असतानाच तळहातावर चोळावी, फुंकर घालून फोल उडवावे आणि तो हिरवा, वाफाळलेला हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकावा. त्या वेळी कोणी विचारले, “कसा काय?” तर उत्तर ठरलेले, “लई आवडला!” या दोन शब्दांत व्याकरणाची केवढी गंमत दडली आहे, याचा विचार हुरडा खाताना कोणी करीत नाही, आणि तेच योग्य आहे.

सेलूजवळच्या एका खेड्यातील तरुणाला मात्र तो विचार करावा लागला. परभणी जिल्हा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होता. ते राज्य गेले, पण आगगाडीचा रस्ता राहिला. शिक्षणासाठी हैदराबादेस जाणे या भागातील मुलांना अजून परके वाटत नाही. हा तरुणही तेथे गेला आणि स्पॅनिश भाषा शिकू लागला. स्पेन धरून सुमारे वीस देशांचा कारभार या भाषेत चालतो. पहिले काही पाठ सुरळीत पार पडले. मग आवडीनिवडी सांगण्याचा पाठ आला आणि त्याची गाडी चिखलात रुतली.

वाक्य साधे होते : मला आंबा आवडतो. त्याने लिहिले, “यो गुस्तो एल मांगो.” ‘यो’ म्हणजे मी. वाक्यावर तांबडी रेघ आली. त्याने पुन्हा लिहिले, पुन्हा रेघ आली. याचे कारण असे, की तो प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेई आणि तेथून स्पॅनिशमध्ये आणी. आजच्या इंग्रजीत आवड असणारा माणूसच कर्ता होऊन वाक्याच्या आरंभी ऐटीत बसतो. परदेशी भाषा शिकायची, तर मायबोली चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवावी, अशी त्या तरुणाची समजूत होती. शिवाय त्याचे इंग्रजी बेताचेच. आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलाच्या जिभेला ही भाषा वळायची नाही, असे मनाशी ठरवून, तो विषय सोडून देण्याच्या विचारानेच तो संक्रांतीला घरी आला.

घरी त्याचे पणजोबा होते. वय नव्वदीचे. निझामाच्या राजवटीत ते थोडे उर्दू शिकले होते, त्यामुळे दुसऱ्या भाषेचे त्यांना भय नव्हते. आगटीजवळ बसल्या बसल्या त्यांनी विचारले, “तुमच्या त्या भाषेत आंबा आवडतो, हे कसं म्हणतेत रे?”

“मे गुस्ता एल मांगो, आबा. पण माझं नेहमी चुकतं.”

“मे म्हंजे?”

“मला.”

“गुस्ता?”

“आवडतो.”

“अन् पुढचं?”

“एल मांगो म्हणजे आंबा.”

“मला आवडतो आंबा!” म्हातारा हसला. “मग अवघड काय हाय त्यात? आपल्यावाणीच बोलतेत की ते लोक. उर्दूतबी ‘मुझे पसंद है’ म्हणतेत. ‘मैं’ म्हणत नाहीत.”

तरुणाच्या हातातले कणीस हातातच राहिले. वर्षभर तो ज्या दारावर धडका देत होता, त्याची किल्ली त्याच्या घरातच होती.

कर्ता शोधताना शाळेत क्रियापदाला ‘णारा’ लावून ‘कोण’ असे विचारतात. आवडणारा कोण? आंबा! म्हणजे कर्ता झाला आंबा, आणि माणूस ‘ला’ प्रत्यय लावून अदबीने बाजूला उभा. क्रियापदही माणसाकडे पाहत नाही, आंब्याच्या मागून चालते : आंबा आवडतो, कैरी आवडते, आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये एक आंबा असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. तेथील क्रियापदाला लिंगाची कटकट नाही. ती जास्तीची कसरत मराठी मुले दुधाचे दात पडायच्या आतच बिनचूक करतात आणि त्याबद्दल कोणी त्यांची पाठही थोपटीत नाही!

हा जमाखर्च फार जुना आहे. रुचणे या अर्थाच्या धातूंबरोबर, ज्याला वस्तू रुचते त्याची चतुर्थी करावी, असा नियम पाणिनीने घालून दिला आहे. आणि त्याचे ठरलेले उदाहरण देवदत्ताला रुचणाऱ्या मोदकाचे आहे. रुची म्हणजे जिभेची चव आणि रुची म्हणजे मनाची आवडही. स्पॅनिशमधील ‘गुस्तार’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थही चव घेणे असाच. तो लॅटिन शब्द आणि संस्कृतातील ‘जुष्’ धातू हे एकाच मुळाचे फाटे आहेत. निवडणे या अर्थाचे इंग्रजी ‘चूज’ हे क्रियापदही त्याच कुळातले. फार काय, इंग्रजीतील ‘लाइक’चा जुना अर्थही ‘संतोष देणे’ असाच होता. तेव्हा तेथेही वस्तूच कर्ता असे. पुढे माणसाने ती जागा बळकावली.

सगळीकडे हिशेब असा जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. मराठी माणसाला भूक लागते. स्पॅनिश माणूस ‘माझ्याजवळ भूक आहे’ अशा थाटात बोलतो. तेथे मराठीच्या भरवशावर राहणारा हमखास फसेल. पसंती सांगण्याचा प्रकारही निराळा. दोन फळांतून एक उचलायचे असेल, तर ‘प्रेफिएरो’ म्हणायचे, आणि येथे कर्ता माणूसच असतो. त्या शब्दाचे मूळ ‘पुढे धरणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मराठीतही आंबा ‘मला’ आवडतो, पण तो निवडतो ‘मी’. आवड आपल्याला न विचारता येते. निवड आपली आपल्यालाच करावी लागते. ‘आवडता’ हे विशेषण मात्र दोन्हीकडे नामाप्रमाणे रूप पालटते. मराठीत आवडता खेळ आणि आवडती राणी, तसे तिकडे एकाला ‘फावोरितो’ तर दुसरीला ‘फावोरिता’. नावडतीचे मीठ तिकडेही अळणी लागते की काय, हे त्या पाठात दिलेले नव्हते.

त्या रात्री तरुणाने वही उघडली. पहिले वाक्य त्याने पणजोबांवर लिहिले : “आ मि बिसाबुएलो ले गुस्ता एल हुरडा.” माझ्या पणजोबांना हुरडा आवडतो. हुरड्याला स्पॅनिश शब्द सापडेना, म्हणून त्याने मराठी शब्दच पुढे ‘एल’ लावून तिकडे पाठवला. ‘मांगो’ हा शब्दही असाच दक्षिण भारतातून पोर्तुगीजांबरोबर युरोपात गेला होता.

सकाळी त्याने वाक्य वाचून दाखवले. हुरड्याच्या चटणीतील मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही पिके मुळात अमेरिका खंडातली, जेथे आज अनेक देश स्पॅनिश बोलतात, हेही त्याने सांगितले. पणजोबा क्षणभर चटणीच्या वाटीकडे पाहत राहिले.

“अन् गुळाला काय म्हणतेत तिकडं?”

“कोलंबिया देशात ‘पानेला’ म्हणतात, आबा. उसाचाच असतो.”

“गूळबी हाय म्हण की!” असे म्हणून त्यांनी नवे कणीस आगटीत सरकवले.