ताटाचा भाव

बिबवेवाडीतील एका मंगल कार्यालयात विवाहाचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपले आणि केटररच्या माणसांनी रिकाम्या ताटांच्या चळती मोजावयास घेतल्या. ठरली होती ६०० ताटे, भरली ७४०. ताटाचा भाव ६५० रुपये. म्हणजे वरच्या १४० ताटांचे ९१,००० रुपये झाले. दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसताना यजमान हसून म्हणाले, "भाईसाहेब, वरची माणसे आशीर्वाद द्यायला आली होती. ती का मोजायची? आपण तर एकाच संघातले."

केटरर साठीचे गृहस्थ. भवानी पेठेत लहानशा जागेत सुरू केलेला व्यवसाय त्यांनी तीस वर्षांत नावारूपाला आणला होता. भांडण त्यांच्या स्वभावात नव्हते. "ठीक आहे," एवढेच ते म्हणाले आणि ६०० ताटांचे पैसे घेऊन घरी आले. समाजात त्यांना मनाचा मोठा माणूस म्हणत, तो अशाच प्रसंगांमुळे.

घरी हिशेबाचे काम सूनबाई पाहत. त्यांनी त्या रात्री मागच्या तीन हंगामांचे हिशेब काढले आणि सोडून दिलेल्या रकमांची एक यादी केली. तिच्या शेजारी दुसरी यादी मांडली. रक्कम सुटली त्या प्रत्येक वेळी तूट कोठून भरून निघाली, हे तीत लिहिले होते. एकदा वाढप्यांची रोजी ५० रुपयांनी कमी दिली होती. भांडी घासणाऱ्या बायकांची मजुरी सतरा दिवस थांबली होती. जे ग्राहक घासाघीस न करता पहिला भाव मान्य करीत, त्यांच्या ताटामागे ४० रुपये अधिक लागले होते. आणि एका समारंभात साजूक तुपाच्या मोहनथाळात दोन डबे वनस्पती तुपाचे गेले होते. सूनबाईंनी तोंडाने काही म्हटले नाही. कागद सासऱ्यांसमोर ठेवले. बाबूजींनी ते वाचले, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिले.

घडी उघडली ती संवत्सरीच्या संध्याकाळी. प्रतिक्रमणात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार म्हटले जातात. भगवान महावीरांनी वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाला हे अतिचार समजावून सांगितल्याचे उपासकदशांग सूत्रात आले आहे. वर्षानुवर्षे पाठ असलेले हे शब्द त्या दिवशी बाबूजींना नव्याने ऐकू आले. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभार' आहे, म्हणजे जिवावर शक्तीबाहेर ओझे लादणे. आणि 'भक्तपानविच्छेद' आहे, म्हणजे आश्रिताच्या अन्नपाण्यात खंड पाडणे. दुपारी बारापासून उभा असलेला वाढपी रात्री नऊला उरलेसुरले जेवतो, हे त्यांनी हजार वेळा पाहिले होते. अचौर्याच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच 'तत्प्रतिरूपक व्यवहार' येतो. चांगल्या वस्तूत तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू मिसळणे असा त्याचा अर्थ. तिथे त्यांना मोहनथाळ आठवला. "मिच्छामि दुक्कडं" म्हणताना त्यांचा स्वर अडखळला, तो शेजारच्या माणसाच्याही लक्षात आला.

आपण ज्याला औदार्य समजत होतो, ते दुसऱ्यांच्या पैशावर चालले होते, हे त्यांना त्या रात्री उमगले. गैरवाजवी मागणी मान्य करणारा व्यापारी उदार ठरतो. पण त्या उदारतेची किंमत वाढपी, मजूर किंवा न बोलणारा ग्राहक चुकवतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

दुकानादुकानांत 'ग्राहक देवो भव' अशी पाटी असते. ती पाटी खोटी नाही. व्यापाऱ्यांच्या फसवणुकीला ग्राहक कंटाळले, म्हणूनच १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ सालच्या नव्या कायद्याने घेतली. व्यापाऱ्याने ग्राहकाचे काय देणे लागते, हे कायद्याने स्पष्ट केले. ग्राहकाने मात्र आपल्या मनालाही विचारावयास हवे, कारण तोही श्रावक आहे. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान. हे व्रत गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहे. मोबदला न देता घेतलेली १४० ताटे कोणत्या सदरात बसतात, हे यजमानाने स्वतःच ठरवावे.

दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाआधी बाबूजींनी व्यवसायाची घडी बदलली. आरंभ त्यांनी स्वतःपासून केला. दाट मुहूर्ताच्या दिवशी अडलेल्या वधुपित्याकडून चढा भाव घेण्याची रीत त्यांच्याकडेही होती. ती बंद झाली. धान्य, तूप, सुकामेवा, गॅस, मजुरी, वाहतूक आणि त्यावर ठरावीक नफा, असा भाव काढून तो एका कागदावर छापला. तोच कागद परक्याला आणि तोच व्याह्याला. ताटांची संख्या तीन दिवस आधी कळवावी, वाढीव ताटांचा दर तोच राहील, मोजणी यजमानाच्या माणसासमोर होईल, कार्य रद्द झाल्यास प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून आगाऊ रक्कम परत मिळेल, या चार गोष्टी त्यावर आल्या आणि खाली दोघांच्या सह्या.

कसोटी लवकरच लागली. एका जुन्या ग्राहकाने सुचविले, "पावती नको, तेवढा ५ टक्के जीएसटी वाचेल." बिल न देणे ही २०१९च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, आणि राज्याचे नियम चुकविणे हा 'विरुद्धराज्यातिक्रम' नावाचा अतिचार तर फारच जुना. बाबूजींनी हात जोडून सांगितले, "भाव कमी हवा असेल तर दोन पदार्थ कमी करू. पावती मात्र होणारच." दुसऱ्या एकाने त्याच भावात रात्रीतून शंभर ताटे वाढविण्याचा आग्रह धरला. "माणसे थकलेली आहेत, काम चांगले होणार नाही," असे उत्तर त्याला मिळाले. आवाज चढला नाही, पण शब्दही मागे घेतला गेला नाही. त्या हंगामात दोन मोठी कामे हातची गेली. ९१,००० वाचविणारे यजमानही पुढच्या कार्याला दुसरीकडे गेले. हे नुकसान खरे होते आणि घरात ते जाणवलेही.

मग सोडून देणे संपले का? श्रीमद् राजचंद्रांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. मुंबईत जवाहिरांचा व्यापार करीत असताना त्यांनी एका व्यापाऱ्याशी ठरलेल्या भावाने सौदा केला. पुढे भाव इतके चढले की सौदा पुरा करताना तो व्यापारी बुडाला असता. राजचंद्र स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्यांनी कराराचा कागद फाडून टाकला. त्यांनी जे सोडले ते स्वतःचे होते, आणि समोरचा माणूस संकटात होता. हट्ट आणि अडचण यांतील हा भेद बाबूजींनी आपल्या हिशेबात उतरविला. मुलीच्या लग्नाच्या ऐन तोंडावर नोकरी गेलेल्या एका पित्याचे अर्धे बिल त्यांनी माफ केले. ती रक्कम स्वतःच्या नफ्यातून वजा झाली आणि वहीत तशीच लिहिली गेली. त्या दिवशी मजुरी पूर्ण दिली गेली आणि तूप साजूकच होते.

आता त्यांच्या कामावर एक नवी रीत दिसते. दुपारी साडेतीनला, पाहुणे येण्यापूर्वी, कार्यालयाच्या मागच्या अंगणात सतरंजी पसरली जाते. आचारी, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायका तिथे बसून जेवतात. पाहुण्यांना वाढला जाणारा मोहनथाळ त्यांच्याही पानात असतो. ती ताटे कोणाच्या बिलात जात नाहीत. भाव काढतानाच त्यांचा खर्च धरलेला असतो.