कॅप्टन कमी पडतो तेव्हा

प्रादेशिक विमान कंपनीच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न विमानाबद्दल नव्हताच. टेबलापलीकडचे कॅप्टन म्हणाले, ‘‘आमच्याकडे किती वर्षं टिकाल?’’ मी मानवतची. आमच्या परभणी जिल्ह्यात नोकरी लागली की ती धरून ठेवायची, एवढंच शिकवलेलं असतं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही ठेवाल तितकी.’’ ते हसले नाहीत. नुकतेच त्यांचे दोन कॅप्टन मोठ्या कंपनीत गेले होते, हे मला रुजू झाल्यावर कळलं.

त्या टेबलापर्यंत पोचायलाच बरीच वर्षं गेली होती. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या लेखी परीक्षा, प्रत्येक विषयात किमान ७० टक्के, रेडिओचा वेगळा परवाना, वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचं उड्डाण. उड्डाणाचे तास मी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर पूर्ण केले. वडील मोंढ्यात एका अडतीवर हिशेब लिहीत. बँकेनं तारण मागितलं तेव्हा आजोबांच्या शेताचा सातबारा निघाला आणि चुलत्यांनी मागेपुढे न पाहता सह्या केल्या. परवाना मिळाला २०१९मध्ये. त्याच वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेज बंद पडली होती. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक काम शोधत होते. २०० तासांच्या मुलीला कोण विचारणार? आणि पुढच्या मार्चमध्ये कोरोनानं देशांतर्गत प्रवासी विमानं दोन महिने जमिनीवर बसवली.

परवाना मिळाला म्हणजे काम संपलं असं घरच्यांना वाटायचं. पण तो जिवंत ठेवावा लागतो. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे फक्त उपकरणांवर विसंबून उडण्याची, चाचणी, आणि त्यासाठी पुन्हा भाड्यानं विमान. एकीकडे हप्ते चालू, दुसरीकडे हा खर्च. मी परभणीत अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होते. गावी गेलं की शेजारच्या मावशी विचारायच्या, ‘‘का गं, इमान मिळालं का चालवाया?’’ त्यांच्या विचारण्यात माया होती. तरी मी पुढं पुढं मागच्या दारानं जाऊ लागले.

नोकरी लागली ती एटीआर ७२ उडवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. नोकरी म्हणजे काय, ते सांगते. टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण, माझ्या खर्चानं. वर काही वर्षांचा बाँड, आणि त्याच्या हमीसाठी आगाऊ चेक. प्रशिक्षणाच्या काळात पगार नावापुरता. वडिलांनी तो करार दोनदा वाचला. आयुष्यभर दुसऱ्याच्या खतावण्या लिहिलेला तो माणूस म्हणाला, ‘‘यात त्यांनी काय द्यायचं ते कुठं लिहिलंय?’’ खरंच लिहिलेलं नव्हतं. मी सही केली, कारण दुसरा कागद समोर नव्हता.

सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण झालं आणि मी अडकले. सिम्युलेटरनंतर लाइन ट्रेनिंग असतं: खऱ्या प्रवाशांसह, खऱ्या मार्गावर, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून ठरावीक उड्डाणं करायची. साधा कॅप्टन इथे चालत नाही, शिकवण्याची मान्यता असलेला लागतो. आमच्या कंपनीत असे मोजकेच. त्यांतला एक गेला आणि शिकाऊंची आख्खी रांग जागच्या जागी थांबली. रोज रात्री रोस्टर उघडायचं, आपलं नाव शोधायचं, दिसायचं ‘स्टँडबाय’. उड्डाण नाही म्हणून उड्डाणभत्ता नाही. मोठ्या कंपनीतून एक कॅप्टन गेला तर एक खुर्ची रिकामी होते. छोट्या कंपनीतून प्रशिक्षक गेला की उद्याचे सहवैमानिक आणि परवाचे कॅप्टन, दोन्ही घडायचे थांबतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही; भाड्याच्या खोलीत युनिफॉर्म इस्त्री करून ठेवून मी ते भोगलं आहे.

नंतर उड्डाणं सुरू झाली आणि मी कामाच्या प्रेमात पडले, हेही तितकंच खरं. एटीआर उंच जात नाही, ढगांच्या वरून सुटका करून घेत नाही. पावसाळ्यात छोट्या धावपट्ट्यांवर, दिवसातून पाच-सहा वेळा उतरायचं. शेजारी बसलेले कॅप्टन पहिल्या दोन फेऱ्यांत एक शब्द बोलायचे नाहीत. तिसऱ्या फेरीला म्हणायचे, ‘‘आता वारा कुठून येतोय, ते मीटर न बघता सांग.’’ विमान हाताला कसं लागतं, ते मला या छोट्या विमानानं शिकवलं.

मग कॅप्टन का जातात? पैसा हे एक कारण. जेट विमानाचा अनुभव आणि घरापासून जवळचा तळ ही बाकीची. मी त्यांना दोष देत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० विमानांची मागणी जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची. विमान कारखान्यातून विकत मिळतं. कॅप्टनच्या परवान्याला १,५०० तासांचं उड्डाण लागतं, ते कुठं तरी आधी उडावं लागतं. मग मोठे लोक छोट्यांच्या दारात येणारच.

हिशेब वडिलांच्या पद्धतीनं मांडते. एक एटीआर रोज दहा तास उडालं, तर वर्षाचे ३,६५० तास होतात. नियमानं एक वैमानिक वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडू शकत नाही. म्हणजे कागदावरच चार कॅप्टन झाले. रजा, आजारपण, साप्ताहिक विश्रांती, सिम्युलेटरच्या चाचण्या धरल्या की पाच तरी लागतात. तीन विमानांच्या कंपनीला पंधरा. त्यांतले तिघं गेले की पाचवा हिस्सा गेला, आणि वेळापत्रकात पहिली कात्री लागते ती आमच्यासारख्या गावांच्या उड्डाणावर. प्रवाशाच्या मोबाइलवर संदेश येतो, ‘ऑपरेशनल कारणास्तव रद्द’.

वैमानिकांनी असं जाऊ नये म्हणून डीजीसीएनं २०१७मध्ये नोटिशीची मुदत कॅप्टनला बारा महिने आणि सहवैमानिकाला सहा महिने केली. तरी २०२३मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक मुदत पूर्ण न करता गेले, उड्डाणं रद्द झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. वर्षभराची नोटीस हा मला उपाय वाटत नाही. माणूस बांधून ठेवला म्हणून नवा माणूस तयार होत नसतो. आणि हा दुष्काळ छोट्यांपुरताच आहे असंही नाही. विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, आणि २०२५च्या डिसेंबरात इंडिगोसारख्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम योग्यच होता. थकलेल्या वैमानिकाच्या मागे कुणी बसू नये. नियम येणार हे माहीत असून माणसं आधी मोजली गेली नाहीत.

आमच्या भागाला विमान म्हणजे नांदेड. सरकारच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ला, हैदराबाद-नांदेड सेवेला हिरवा झेंडा मिळाला होता. २०२२च्या फेब्रुवारीत ती सेवा चालवणारी ट्रूजेट थांबली, आणि २०२४मध्ये स्टार एअर येईपर्यंत परभणीच्या माणसाला पुन्हा देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्स्प्रेस. मुंबईला ऑपरेशनला न्यायचा पेशंट असो की कृषी विद्यापीठात येणारा पाहुणा, रात्र रेल्वेतच. उडानमध्ये सरकार सवलतीच्या जागांची तूट तीन वर्षं भरून देतं. त्या पैशातून तिकीट स्वस्त झालं. तिकीट असून समोर बसायला कॅप्टन नसेल, तर त्या स्वस्ताईचं काय करायचं? या निधीतला काही भाग प्रशिक्षक कॅप्टन तयार करण्यासाठी आणि शिकाऊंच्या पगारासाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. ज्या कंपनीनं माणूस घडवला, तिला तो घेऊन जाणाऱ्या कंपनीनं घडवणुकीचा खर्च द्यावा. आज तो खर्च शेताच्या सातबाऱ्यावर बसतो.

माझे तास आता कॅप्टनपदासाठी पुरेसे झाले आहेत. मोठ्या कंपनीचा फोन येऊन गेला. मी अजून इथेच आहे; आधी कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, घ्यायची आणि मग शिकवण्याची मान्यता, असं ठरवलं आहे. पुढचं पुढे.

गेल्या महिन्यात गंगाखेडच्या एका मुलाचा फोन आला. नवा परवाना, एका छोट्या कंपनीचं पत्र हातात, वडील सोयाबीनचे पैसे मोजून बसलेले. ‘‘ताई, भरू का पैसे?’’ मी त्याला म्हटलं, पगाराचं शेवटी विचार. आधी विचार, तुमच्याकडे प्रशिक्षक कॅप्टन किती, माझ्या आधी रांगेत किती जण आहेत, आणि अमुक महिन्यांत लाइनवर आलो नाही तर बाँड सुटेल का. आणि उत्तरं तोंडी घेऊ नको. त्यानं सगळं वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांनी सांगितलं, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ईमेलवर आली, तिसऱ्याचं येईपर्यंत तो थांबणार आहे.