आसरांचे देणे

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांनी दक्षिणेतून येताना काय काय आणले, याची मोजदाद करू लागलो की पागोटी, पुरणपोळी आणि घरचे टाक यांची नावे आपण आवर्जून घेतो. आमच्या देवासच्या घरात आणखी एक दैवत आले होते. त्याला ना देऊळ, ना पुजारी. वाड्याच्या मागील सामाईक विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले होते. त्या आमच्या साती आसरा.

'अप्सरा' या शब्दावरून 'आसरा' हा शब्द आला, असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात विहीर, डोह, तळे, जिथे म्हणून पाणी आहे, तिथे या सात जलदेवतांचा वास मानला जातो. त्या प्रसन्न असतात तशाच कोपिष्टही. आमच्या आईने मात्र त्यांची भीती आम्हांस कधी घातली नाही. दर वैशाखात विहिरीतला गाळ काढला जाई. खालून चिखलाच्या पाट्या वर येत, घरातील पुरुष कमरेइतक्या पाण्यात उभे राहत, आणि शेवटची पाटी वर आल्यावरच आई हळदकुंकू, खण आणि दहीभात घेऊन काठावर येई. "आधी त्यांचं घर झाडायचं, मग नैवेद्य," असे ती म्हणे. शेजारच्या माळवी बायकाही बाळंतपणानंतर जलवा पूजण्यास आमच्याच विहिरीवर येत. त्यांची देवी निराळी की आमची, असा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

पुढे घरोघर नळ आले. रहाटाचा दोर कुजला, गाळ काढणे बंद पडले. १९८४ च्या सुमारास वाड्याची एक भिंत पाडली, तेव्हा तिचा राडारोडा टाकावा कुठे असा प्रश्न पडला. तो विहिरीत टाकावा, ही सूचना आमचीच. त्या वेळी आम्ही सोळा वर्षांचे होतो आणि विज्ञान शिकत होतो. सात दगडांना देव मानणे म्हणजे अडाणीपणा, हे मत आम्ही भर ओसरीवर आईला ऐकविले. ती काही बोलली नाही. विहिरीवर फरशी बसली, आणि पुढल्या वैशाखात आईने दहीभात त्या फरशीवर ठेवला.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९९० च्या उन्हाळ्यात, देवासला पाणी उरले नाही. पावलापावलावर पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, तिथल्या या शहराला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ठिकठिकाणी शेकडो फूट खोल नलिका-विहिरी खणून आपण सर्वांनी भूमीचे पोट रिकामे केले होते, आणि उथळ, जुन्या विहिरी बुजविल्या होत्या. हंडा घेऊन रांगेत उभे राहून आम्ही घरी परतलो, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "घरच्या आसरा बुजवल्यास, बाळ. आता आगगाडीतल्या आसरांची वाट बघ." त्या वाक्याला उत्तर देण्याची संधी आम्ही पुढे अनेक वर्षे टाळली. आई गेली, तोवर ते राहूनच गेले.

धार जिल्ह्यातील शासकीय शाळेत नोकरी करीत असता मुलांच्या सहली घेऊन मांडवगडास जाण्याचा योग अनेकदा येतो. बाजबहादुराच्या महालाशेजारी रेवाकुंड आहे. नर्मदेचे दर्शन घेतल्याविना राणी रूपमती अन्न घेत नसे, म्हणून नर्मदाच या कुंडात प्रकट झाली, अशी लोकश्रद्धा आहे. जवळच्या रूपमतीच्या मंडपातून निरभ्र दिवशी दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. १५६१ मध्ये अकबराच्या सैन्यापुढे बाजबहादुराचे राज्य लयास गेले. कुंड मात्र तीर्थ म्हणून राहिले. नर्मदेच्या परिक्रमेस निघालेले यात्रिक अजूनही तेथे येतात. एका सहलीत मुलांनी कुंडात नाणी टाकली. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, देवीला आपण पैसे देतो, पण ती ते खर्च कुठे करते?"

आम्ही हसलो. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

असाच प्रश्न इंग्लंडातील बाथ या गावीही विचारता आला असता. तिथे भूमीतून ऊन पाण्याचा झरा उसळतो. दिवसाला दहा लाख लिटरांहून अधिक पाणी, सुमारे ४६ अंश उष्ण. रोमन लोक येण्यापूर्वी तिथले केल्ट लोक या झऱ्याची देवता सुलिस हिची पूजा करीत. इ. स. ४३ नंतर रोमन आले. त्यांनी तिला हटविले नाही; आपल्या मिनर्व्हा देवीशी तिचे नाव जोडले आणि गावालाच 'सुलिसची जले' असे नाव दिले. भाविकांनी झऱ्यात टाकलेली बारा हजारांहून अधिक नाणी उत्खननात मिळाली. शिवाय शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेली सुमारे १३० गाऱ्हाणी मिळाली, त्यांतली बहुतेक चोरीची. कोणा एकाचे हातमोजे चोरीस गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, अशी मागणी त्याने देवीकडे केली आहे! ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या आपल्या माणसांना हे मुळीच परके वाटणार नाही.

परंतु ती नाणी देवीने खर्च केली नाहीत. ती शतकानुशतके चिखलात पडून राहिली. झरा ज्यामुळे नांदला, ते निराळेच. रोमनांनी झऱ्याभोवती ओकचे खांब ठोकले, शिशाचे अस्तर दिलेले कुंड बांधले आणि जादा पाणी वाहून जावे म्हणून मोठा नाला काढला. तो नाला आजही काम करतो. आमच्या बाजबहादुरानेही रेवाकुंड बांधून काढले आणि तिथले पाणी महालापर्यंत नेण्याची सोय केली. पूजा आणि डागडुजी ही दोन कामे त्या काळी निराळी नव्हती. आईला हे कोणी शिकविले नव्हते, तरी ती नेमके हेच सांगत होती.

आमच्या देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांना हे आमच्याआधी उमगले. २००६ पासून त्यांनी आपापल्या शेतात तळी खणावयास घेतली. जमिनीचा साधारण दहावा हिस्सा पाण्यासाठी सोडायचा, असा तो विचार होता. खणणारा 'भगीरथ कृषक' ठरला आणि तळ्याला नाव मिळाले 'रेवा सागर'. देवीचे नाव घेऊन जमीन देणे, ही आमच्या दृष्टीने नाणे टाकण्याहून मोठी पूजा होय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चुलतभावांना गोळा केले आणि विहिरीवरची फरशी काढविली. राडारोडा उपसण्यास अकरा दिवस लागले. आमच्याच हातांनी टाकलेल्या विटा आम्ही ओळखल्या. छपराचे पाणी आता पन्हळीने विहिरीत उतरते. पहिल्या पावसाळ्यात पाणी कमरेइतके चढले, माघात आटले. गेल्या वर्षी ते फाल्गुनापर्यंत टिकले. ते पिण्याजोगे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झाडांना मात्र पुरते.

सात दगड सापडले नाहीत. विहिरीतून निघालेल्या विटांतल्या सात निवडून आम्ही काठावर मांडल्या. वैशाखात गाळ काढून झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी दहीभात आणला आणि विचारले, "मंत्र कोणता म्हणायचा?" आम्हांस कोणताच ठाऊक नव्हता. आम्ही म्हटले, "गाळ काढला आहे, एवढे सांगा."