एकच पेन ड्राईव्ह

ज्या सरांनी मला उर्दू शिकवलं, ते निवृत्तीनंतर गावाचा इतिहास लिहीत होते. सगळं इनपेजमध्ये आणि एकाच पेन ड्राईव्हवर. मी तीनदा सांगितलं, "सर, एक कॉपी ईमेलवर टाका. युनिकोडमध्येही करून घ्या, मोबाईलवर वाचता येईल." सर हसायचे. "अल्लाह पर भरोसा रखो, मियाँ." आधी उंट बांधा, मग भरोसा ठेवा, ही हदीस वर्गात त्यांनीच सांगितली होती. पण उस्तादांना कोण ऐकवणार?

रमजानच्या तोंडावर पेन ड्राईव्ह उघडेना. फॉरमॅट करायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नातवाने 'हो' दाबलं. तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. साध्या फॉरमॅटनंतर मजकूर बऱ्याचदा आत शिल्लक असतो, रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने काढता येतो. पण त्याने वर लग्नाचे फोटो भरले. मला कळेपर्यंत आठवडा उलटला होता.

'मी सांगितलं होतं' हे वाक्य घेऊनच मी त्यांच्या घरी गेलो. सर ओट्यावर वही घेऊन बसले होते. पहिलं प्रकरण पुन्हा लिहून झालं होतं, हाताने. वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बेटा, टाइप अब तू कर. कॉपी भी तूच रख."