ओला की कोरडा

आमची स्कूटर आणि आम्ही एकाच वर्षीचे. 1988 साली आमचा जन्म झाला आणि त्याच वर्षी अब्बांनी कधीकाळी लावून ठेवलेला नंबर लागून बजाज चेतक घरी आली. दादी म्हणायची, मुलाच्या पायगुणाने गाडी आली. अब्बा सोलापुरात उर्दू शाळेत मुअल्लिम होते. पुढे हँडलला धरून आम्ही उभे, मागे अम्मी, अम्मीच्या मांडीवर धाकटी बहीण, अशी आमची वरात विजापूर वेशीतून निघायची. 2016 साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले. स्कूटर राहिली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे पासिंग आम्ही 2018 ला केले, 2023 लाही केले. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. आम्ही ऐकले न ऐकल्यासारखे करतो.

आमची शाळा अक्कलकोट रस्त्यावर, कुंभारीच्या पुढे. डिसेंबर 2024 पासून स्कूटरने एक खोड धरली. सकाळी घरून पहिल्या किकला सुरू होई, आठ-दहा किलोमीटर छान पळे, आणि विडी कामगारांची वसाहत दिसू लागली की आचके देऊ लागे. ॲक्सिलेटर पिळला तर आणखी गुदमरे. गिअर खाली आणला तर फर्लांगभर रडतखडत जाई आणि बंद पडे.

मग आमचा ठरलेला रिवाज सुरू होई. गाडी स्टँडवर लावायची, सीट उचलून टाकीचे झाकण उघडायचे, आत डोकावून पेट्रोल पाहायचे, गाडी हलवून डुबुक आवाज ऐकायचा, झाकण लावायचे, गाडी एका बाजूला तिरकी करायची आणि बिस्मिल्लाह म्हणून किक मारायची. पाच-सहा किकांत सुरू! शाळेत पोहोचेपर्यंत कपाळावरचा घाम वाळलेला असे, शर्टावरचा नसे.

दुपारी, ऐन उन्हात परत येताना मात्र बहुधा तक्रार नसे. पगार झाल्यावर टाकी भरली की त्रास जास्त, महिनाअखेरीस कमी. ही दुसरी गोष्ट आमच्या घरच्यांनी हेरली होती. त्या म्हणाल्या, "हिला तंगीच मानवते." आम्ही हसलो आणि विसरून गेलो. नोंद करायला हवी होती.

बी.एड.ला आम्ही 'निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून चांगले गुण मिळवले होते. आधी चूक नेमकी कुठे होते ते शोधा, मग उपाय करा, असे त्यात लिहिलेले असते. वर्गात काय होते ते आमचे आम्हाला ठाऊक. एखादा मुलगा सोमवारी धडा फडाफडा वाचतो, गुरुवारी दुसऱ्याच ओळीवर अडतो. आम्ही शेऱ्यात 'लक्ष नाही' असे लिहितो आणि पुढच्या मुलाला उठवतो.

अब्बांच्या वेळेपासूनचे मिस्त्री पूर्व भागातले, तेलुगू घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अब्बांना ते मास्तर म्हणत, आम्हाला सर म्हणतात. अण्णांचे निदान फार सोपे. "सर, गाडी दोन गोष्टींवर चालते की. पेट्रोल आणि करंट. बंद पडली की तिथंच प्लग खोलायचा. ओला असला तर पेट्रोल येतंय, करंट नाही. कोरडा असला तर पेट्रोलच येत नाही. गाडी थंड झाल्यावर बघून उपयोग नाही." विचार करा, एवढ्या एका पाहण्याने अर्धे इंजिन संशयातून सुटते. प्लग खोलायचा पाना डिकीतच होता.

पण आमचा शर्ट पांढरा होता, प्लग तापलेला होता आणि पहिली घंटा होण्यात होती. आम्ही प्लग खोलला नाही. संध्याकाळी अण्णांनी विचारले, "ओला की कोरडा?"

आम्ही म्हणालो, "ओला."

का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. सांगितलेला गृहपाठ न करता आलेल्या मुलाच्या तोंडून जसे काहीतरी निघते, तसे ते निघाले.

अण्णांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. ओला म्हणजे करंटची बाजू. त्यांनी प्लग बदलला, पॉइंट पॉलिश पेपरने घासून साफ केले, कंडेन्सर नवा घातला. पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी कंडेन्सर आवरतो. तो कमजोर झाला की पॉइंट जळतात आणि प्लगवरची निळी ठिणगी पिवळी पडते. काही कंडेन्सर थंड असताना ठीक असतात आणि तापल्यावर दगा देतात. गाडी दहा किलोमीटरनंतर बंद पडते म्हटल्यावर कुणीही मिस्त्री हेच म्हणेल. फरक पडला नाही म्हणून पुढे कॉइल बदलली. तीही तापल्यावर दगा देते. चहाच्या गाड्यावर सल्ले वेगळेच. कुणी म्हणे ऑईल जास्त घालता, कुणी म्हणे पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते, जुन्या गाड्यांना ते पचत नाही. आम्ही सगळ्यांना मान डोलावत होतो.

मार्च 2025. रमजान चालू होता आणि दहावीची परीक्षाही. आमची सुपरव्हिजन होती. नवी कॉइल घातलेली गाडी नेहमीच्या जागी बंद पडली. केंद्रावर पोहोचलो तेव्हा आमच्या वर्गात दुसऱ्याच बाई उत्तरपत्रिका वाटत होत्या. केंद्रसंचालक सगळ्यांसमोर बोलले.

तो राग घेऊन आम्ही इफ्तारच्या आधी अण्णांच्या दुकानात गेलो. रोज्याच्या तोंडाने जे बोलू नये ते बोललो. मास्तर गेले, आता पोराला लुटा, दर आठवड्याला एक पार्ट काढा, असे बरेच. अण्णांचा मुलगा तिथे होता, गिऱ्हाइके होती. अण्णांनी बोळ्याने हात पुसले, गल्ल्यातून कॉइलचे पैसे काढले आणि स्कूटरच्या सीटवर ठेवले. एक शब्द बोलले नाहीत. आणि आम्ही, वाचकहो, ते पैसे उचलून खिशात घातले.

दोन दिवसांनी गाडी पुन्हा कुंभारीला बंद पडली. आता जायला मिस्त्रीही उरला नव्हता. आम्ही बाह्या वर केल्या, रुमालात धरून प्लग खोलला. कोरडा. छान विटकरी रंगाचा, ठणठणीत कोरडा.

बराच वेळ तो हातात धरून उभे राहिलो. मग सीट उचलली आणि टाकीचे झाकण सैल केले. 'स्स्स्' असा आवाज आला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. टाकी जवळजवळ भरलेली होती.

झाकण उलटे करून पाहिले. दिवाळीच्या सुट्टीत टाकी भरली की झाकणातून पेट्रोल पाझरत होते. घरच्यांच्या बुरख्याला वास येतो म्हणून आम्हीच सायकलच्या ट्यूबचे एक गोल वॉशर कापून झाकणात बसवले होते. झाकणाला मध्ये हवेसाठी बारीक छिद्र असते हे ठाऊक होते, म्हणून वॉशरलाही तापल्या सुईने भोक पाडले होते. पेट्रोलच्या वाफेने ते रबर फुगले होते आणि भोक मिटून गेले होते. पेट्रोल खाली उतरायचे, त्याच्या जागी हवा आत यायची नाही. टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोलची धार अडायची.

एकेक गोष्ट मग आपोआप जागेवर बसू लागली. टाकी भरलेली असली की वर हवा थोडी, म्हणून ओढ लवकर बसे. महिनाअखेरीस हवा जास्त, गाडी लांब जाई. दुपारच्या उन्हात टाकी तापून पेट्रोलची वाफच हवेचे काम भागवी. आणि पेट्रोल पाहायला आम्ही रोज जे झाकण उघडत होतो, तोच रोजचा इलाज होता. आम्ही श्रेय किकला देत होतो.

आम्ही विज्ञान शिकवतो हे सांगायचे राहिले. सहावीला 'हवा का दबाव' शिकवताना दरवर्षी तेलाचा पत्र्याचा डबा वर्गात नेतो. एक भोक पाडले तर पाणी अडखळत पडते, दुसरे पाडले की धार लागते. मुले टाळ्या वाजवतात.

ईदला चार दिवस होते. कॉइलचे पैसे आणि ते झाकण घेऊन आम्ही पूर्व भागात गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइके होती. अण्णांनी झाकण हातात घेतले, नखाने रबर उचकटले.

"कुणी कापलं हे?"

"आम्हीच."

"सायकलचं ट्यूब आहे की हे. पेट्रोलमध्ये फुगतंय."

त्यांनी एका जुन्या डब्यातून कंपनीचे वॉशर काढले, झाकणाच्या छिद्रात तार घालून फुंकर मारली, वॉशर बसवले. आम्ही पैसे पुढे केले आणि माफी मागितली. घरून जुळवून आणलेली वाक्ये नीट निघाली नाहीत. अण्णांनी पैशांना हात लावला नाही. चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले.

"सर, मी विचारलं तेव्हा प्लग बघितला होता का?"

तिन्ही गिऱ्हाइके आमच्याकडे पाहत होती.

"नाही."

अण्णांनी पैसे घेतले, मोजले, गल्ल्यात टाकले. मग म्हणाले, "वॉशरचे दहा रुपये वेगळे." आम्ही दिले.