शिडे आणि शिंगे

मुंबईस गेलो की माझे एक स्नेही रविवारी दुपारी मला अपोलो बंदरावर ओढून नेल्याशिवाय राहत नाहीत. गिरगावातल्या चाळीत लहानाचा मोठा झालेला हा गृहस्थ बँकेत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात समुद्राकडे पाहतो. गेटवेच्या कठड्यापाशी उभे राहून ते मला दूरची पांढरी शिडे दाखवतात. ही होडी वाऱ्याच्या तोंडावर तिरकी चालली आहे, ती आता बोयाला वळसा घालील, मागची मुद्दाम आत घुसून तिचा वारा अडवील, असे त्यांचे समालोचन चालू असते. पाठीमागे रॉयल बॉम्बे यॉट क्लबची दगडी वास्तू. क्लबाची स्थापना 1846 सालची. पावसाळा सरला की शर्यती सुरू होतात, संध्याकाळी मेजवान्या आणि बक्षीससमारंभ झडतात आणि पुढचे ढग भरून येईपर्यंत हा 'सीझन' चालतो, हे त्यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकले आहे की तोंडपाठ झाले आहे.

"पण तुम्ही कुठे त्या क्लबाचे सभासद आहात?" मी एकदा विचारले.

"नाही. पण वारा काय सभासदांनाच लागतो?" ते म्हणाले. इंग्रजी अमदानीत आपल्या माणसाला त्या दारातून सभासद म्हणून आत जाता येत नसे, तेव्हाही कठड्यावरून शिडे पाहायला कुणी मनाई केली नव्हती, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मग माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहून म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्या वर्ध्याकडे असले काही नाही हो. शर्यत म्हटली की पाणी हवे!"

हे मात्र मला झोंबले. मी म्हटले, "सीझन आमच्याकडेही असतो. फक्त आमच्या शिडांना शिंगे असतात."

आंजी (मोठी) हे माझे गाव. सरकारी कागदांत गावाचे मोठेपण कंसात लिहितात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी ते वसले आहे. तीच धाम पुढे पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी जाते. काळी जमीन, कापूस, तूर आणि उन्हाळ्यात डोळ्यांना झोंबणारी धूळ. अशा मुलखात होड्यांचा क्लब कुठून असणार? पण पोळ्याला सजलेला बैल दिवाळीपर्यंत कामातून थोडा मोकळा होतो, वेचणीचा कापूस घरात येऊ लागतो, हातात चार पैसे खुळखुळतात आणि थंडी पडली की गावोगाव एकच विषय निघतो, शंकरपटाचा. पुण्याकडे ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याचा हा वैदर्भी भाऊ. तिकडे घाटात गाडा पळतो, पुढे घोडी असते. आमच्याकडे सपाट रान, हलका छकडा, दोन बैल आणि एक धुरकरी. काही ठिकाणी जोडी घड्याळाशी पळते, काही ठिकाणी शेजारच्या जोडीशी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर शंभर वर्षांहून जुना. एक दिवस तिथे बायकाही कासरा हाती घेतात.

आमच्या घरी पटाचे वेड काकांना. मी शाळेत असताना त्यांच्याकडे गवळाऊ जातीची जोडी होती. गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची, विशेषतः आर्वी-कारंजाकडची, आपल्या मातीतली जात. पांढुरकी, सडपातळ, चपळ. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची ओझी याच बैलांनी ओढली, असे जुने लोक अभिमानाने सांगत. काका त्या जोडीला घरातल्या माणसाआधी खाऊ घालीत. पटाला निघताना काकू बैलांना ओवाळायची. ते तिला हसत. ती म्हणायची, "तुमच्यापाशी तोंड आहे, त्याईच्यापाशी नाही."

पण ते सगळे गोडच होते असे नाही. एका पटात मी तुतारी पाहिली. तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे. आमच्याकडे बैल हाकायच्या, टोकाला खिळा बसवलेल्या काठीला तुतारी म्हणतात. एका जोडीच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे थेंब होते आणि त्या जोडीला पहिले बक्षीस मिळाले. लोक टाळ्या वाजवीत होते. मी बारा वर्षांचा होतो. पुढे शिकलो, कॉलेजात शिकवू लागलो, तरी ते थेंब मनातून गेले नाहीत.

म्हणून 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा मी गावी गेलो असताना ओसरीवर बसून मोठ्या उत्साहाने म्हणालो, "बरे झाले." काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून गोठ्यात गेले. त्या वेळी त्यांच्याकडची जोडी तरणी होती. दोन वर्षे त्यांनी ती नुसती राखली. मग ट्रॅक्टरच्या दिवसांत बसून खाणारी जोडी परवडेना, तेव्हा विकली. खरेदी करणाऱ्याचे शेत स्वतः जाऊन पाहून आले, मगच दोर हातात दिला. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलत. भांडण झाले असते तर मिटवता तरी आले असते. हे भांडणच नव्हते.

पुढचा इतिहास वर्तमानपत्रांतून वाचकांना ठाऊक असेल. 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती कोर्टात अडकल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा सुरू झाले. मुंबईच्या स्नेह्यांना मी पत्र धाडले, "आमचा सीझन पाहायला या." 2024 च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर ते खरोखरच आले. आणि मी भीत भीत काकांना विचारले, "येता का?" ते म्हणाले, "पाव्हणे आले हायेत. त्याईले कोणी समजावून सांगाले पायजे." आणि ते गाडीत पुढच्या जागेवर बसले.

पुलगावला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्या बाजूच्या एका लहानशा गावी पट होता. मैलभर आधीपासूनच रस्ता माणसांनी फुललेला. टेम्पोतून बैल उतरत होते, अंगावर झूल, शिंगांना रंग. चहाची, भज्यांची, घुंगरांची आणि कासऱ्यांची दुकाने लागली होती. कुठे सोयरे भेटत होते, कुठे तुरीचा भाव विचारला जात होता. एका झाडाखाली दोन म्हातारे एका मुलीच्या स्थळाबद्दल इतके गंभीरपणे बोलत होते की समोरून तीन जोड्या पळून गेल्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

रानाच्या मधोमध धावपट्टी आखलेली. एका टोकाला जोडी उभी करतात. दोन माणसे पुढे वेसण धरून, धुरकरी छकड्यावर वाकलेला. इशारा होतो, वेसण सुटते, "हाऽ" असा आवाज उठतो आणि धूळ दिसते. बैल नंतर दिसतात. आठ-दहा सेकंदांत सारे आटोपते. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजते आणि ध्वनिक्षेपकावर आकडा सांगितला जातो, तेव्हा माणसे असा हुंकार भरतात, जणू तेवढा शंभरावा भाग त्यांनी स्वतः पाहिला आहे.

स्नेही पहिल्या जोडीनंतर म्हणाले, "संपले?" पाचव्या जोडीनंतर उभे राहिले. दहाव्या जोडीनंतर कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून ओरडत होते. मुंबईत दोन तास शिडे पाहताना त्यांच्या तोंडून मी एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

मी मात्र माणसांचे हात पाहत होतो. अटीप्रमाणे तुतारी नव्हती, चाबूक नव्हता. पण एका धुरकऱ्याने ओणवे होऊन शेपटी पिरगाळली, ती मला दिसली. मला राहवेना. म्हटले, "काका, होडी आणि बैल यांत हाच फरक आहे. शिडाला कळ येत नाही."

काकांनी उत्तर दिले नाही. ते उठले आणि गर्दीतून वाट काढत जिथे पळून आलेले बैल बांधतात तिकडे गेले. आम्ही मागोमाग. त्याच जोडीपाशी जाऊन त्यांनी एका बैलाच्या बरगडीवर हात ठेवला, श्वास मोजावा तसे थोडा वेळ उभे राहिले, मग शेपटीचे मूळ चाचपले. मालक तिशीचा पोरगा. काका त्याला म्हणाले, "कोणाचा तू?" त्याने बापाचे नाव सांगितले. "तुह्या बापाले मी ओळखतो. त्यानं कधी शेपटीले हात नाही लावला. आज ही जोडी पुन्हा सोडू नको." पोरगा गोरामोरा झाला. फेरीचे पैसे भरले होते. पण त्याने छकडा बाजूला ओढला आणि बैलांच्या पाठीवर पोते टाकले. अपील नाही, पंच नाही. एका म्हाताऱ्याने बापाचे नाव विचारले, एवढेच.

परतताना काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुह्या बोलन्यात खोट नव्हती, बापू. पण तू बंद कराले सांगितलं. सुधराले नाही सांगितलं." मी काही बोललो नाही. त्यांचे खरे होते आणि माझ्या डोळ्यांपुढचे रक्ताचे थेंबही खोटे नव्हते. कायदा आला नसता तर तुताऱ्या किती जणांनी आपणहून टाकल्या असत्या? आणि बंदी कायमची राहिली असती तर शेपटीचे मूळ चाचपून पाहणारा हात तरी कुठे उरला असता? या दोन प्रश्नांच्या मधली वाट मला अजून नीट सापडलेली नाही.

स्नेह्यांची हौस फिटली नव्हती. म्हणून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करीत आम्ही त्यांना पूर्वेकडे झाडीपट्टीत नेले. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजेच देसाईगंज. इथे कापसाची काळी जमीन संपून धानाच्या बांध्या लागतात. आणि इथला सीझन तर दुहेरी, दिवसा पट आणि रात्री नाटक. वडसा ही झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांची पेठ. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत मंडळ्या गावोगाव फिरतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथमच ऐकला असेल.

आम्ही गेलो त्या गावात घरटी पाहुणे होते. लेकी माहेरी आलेल्या, जावई मानाने बसलेले. आम्हांला कुणी ओळखत नव्हते, तरी एका घरी जेवायला बसवलेच. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडला आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर पडला. थंडीत घोंगड्या पांघरून हजारो माणसे बसलेली. पोरे आयांच्या मांडीवर झोपलेली, रडण्याच्या प्रसंगाला उठून रडून पुन्हा झोपणारी. स्नेही पहाटे डोळे चोळत म्हणाले, "प्रोफेसर, आमच्याकडे क्लबाला सभासद असतात. इथे सभासदांना क्लबच दिसत नाही." मला ते वाक्य आवडले. शर्यत आठ-दहा सेकंदांची, पण तिच्या निमित्ताने माणसे वर्षभराचे बोलून घेतात. पट बंद होता त्या वर्षांत काकांचे नुसते बैल गेले नव्हते. पंचवीस गावची माणसे भेटायची राहिली होती, हे मला तेव्हा ओसरीवर बसून कळले नव्हते.

आंजीला परतलो त्या संध्याकाळी स्नेह्यांनी काकांना मुंबईच्या होड्यांचे वर्णन ऐकवले. शीड कसे फुगते, सुकाणू कसे धरतात, वारा पडला की सारे कसे खोळंबतात. काकांनी ते मन लावून ऐकले. मग विचारले, "अन् शर्यत झाल्यावर त्याईले पाणी कोण दाखवते?"

स्नेही हसले. "काका, त्या पाण्यातच असतात."

"ते झालं," काका म्हणाले, "पण पळून आल्यावर मालकानं हात फिरवाले पायजे का नाही?"

गेल्या महिन्यात स्नेह्यांचे पत्र आले. लिहितात, बंदरावर जाऊन आलो. शर्यत संपल्यावर एक पोरगा आपली होडी ओढून घेत होता. शीड गुंडाळले आणि जाता जाता त्याने होडीच्या कडेवरून हात फिरवला. काकांना सांगा.

मी सांगितले. काका गोठ्यात होते. तिथे आता दोन गोऱ्हे आहेत, अजून वेसण न घातलेले. मागच्या खेपेला काकूने मला हळूच सांगितले, पटासाठी नाहीत म्हणतात, पण रोज संध्याकाळी त्यांना नदीपर्यंत पळवून आणतात. हातात काठी नसते.