गुलाबी शहरातील छोटी गाडी

जयपूर म्हटले की हवामहल, आमेरचा किल्ला आणि लहरियाच्या साड्या डोळ्यांसमोर येतात. पण जयपूरकरांचा रोजचा संसार पाहायचा असेल, तर तटबंदीच्या आतले जुने शहर, म्हणजे इथल्या बोलीतला ‘परकोटा’ सोडून पश्चिमेकडे बनी पार्कला जायला हवे. रेल्वे स्थानक, सिंधी कॅम्पचा बसतळ आणि जिल्हाधिकारी कचेरी ही तिन्ही इथून हाकेच्या अंतरावर आहेत. राजस्थानीत ‘बणी’ म्हणजे राई. कडुनिंबाची सावली आणि ऐसपैस आवारांचे बंगले अजूनही या नावाला शोभतात. जुन्या कोठ्यांपैकी अनेकींची आता हॉटेले झाली आहेत. उरलेल्या घरांच्या फाटकाआड, तुळशीच्या कुंडीशेजारी, बहुधा एक छोटी मोटार उभी दिसते.

ही गाडी घरात आली की कुटुंबाचे जगणे किती बदलते? ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे अडते? छोटी गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या कोणत्याही घराला बनी पार्कचा अनुभव कामी येण्यासारखा आहे.

स्कूटरवरून मोटारीकडे

एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबाचे वाहन म्हणजे स्कूटर. पुढे मुलगा उभा, मागे बायको आणि तिच्या मांडीवर धाकटी! मोटार हवी तर सव्वाचार मीटर लांबीची अ‍ॅम्बेसेडर किंवा तिच्याहून थोडी लहान प्रीमियर पद्मिनी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटले. इंजिन ७९६ सीसीचे, लांबी साडेतीन मीटरच्याही आत. पुढे डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका आली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनांच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि ‘छोटी गाडी’ हा सरकारी हिशेबातलाही वेगळा वर्ग ठरला. सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाला १८ टक्के जीएसटी लागतो.

जयपूरमध्ये स्कूटर सोडण्यामागे केवळ हौस नसते. मे महिन्यात लू वाहते, जानेवारीच्या रात्री हाडे गोठवतात. संक्रांतीला तर सारे शहर गच्चीवर पतंग उडवत असते आणि तुटलेला मांजा दुचाकीस्वाराच्या गळ्याशी येतो. त्या दिवसांत मुलांना मोटारीतून नेताना आईच्या जिवाला किती स्वस्थता वाटते, हे तिलाच विचारावे.

आपल्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूचे तोरण बांधतात. इथे नवी गाडी घरी नेण्याआधी मोती डुंगरीच्या गणपतीसमोर उभी करायची रीत आहे. बुधवारी तिथे फुलांच्या माळा घातलेल्या, स्वस्तिक काढलेल्या कोऱ्या गाड्या दिसतात. गणपतीच्या साक्षीने गाडी रस्त्यावर येते ती महाराष्ट्रात आणि इथे सारखीच!

रुंद रस्ते, अरुंद गल्ल्या

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेले हे शहर आखीवरेखीव आहे. मुख्य रस्त्यांची रुंदी सुमारे १११ फूट ठेवली होती. हत्ती-घोड्यांच्या मिरवणुकीला ती भरपूर होती. आज त्याच रस्त्यावर ई-रिक्षा, हातगाड्या, सायकलरिक्षा, उभ्या मोटारी आणि निवांत रवंथ करणाऱ्या गाई असतात. अशा गर्दीत छोट्या गाडीचे पहिले सुख कळते. ती थोड्या जागेत वळते, दोन वाहनांमधल्या फटीत उभी राहते आणि मागे घेताना मान फार मोडावी लागत नाही.

पण आतल्या गल्ल्यांत तीही हात टेकते. समोरून दुसरी गाडी आली की कुणीतरी माघार घ्यायचीच. म्हणून जौहरी बाजारात खरेदीला जाताना बनी पार्कच्या शहाण्या गृहिणी गाडी घरीच ठेवतात. जयपूरची मेट्रो जून २०१५ मध्ये मानसरोवर ते चांदपोल सुरू झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये बडी चौपडपर्यंत पोहोचली. सिंधी कॅम्पला बसले की तिसरे स्थानक बडी चौपड. जौहरी बाजार तिथूनच सुरू होतो. पार्किंग शोधण्याची कटकट नाही आणि बांगड्या निवडताना ‘गाडी उचलून तर नेली नसेल?’ ही धाकधूकही नाही.

उन्हाळा आणि पावसाळा

छोट्या गाडीची खरी कसोटी मे-जूनमध्ये लागते. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४५ अंशांकडे जातो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वाढू शकते आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणून ‘दोन मिनिटांत येते’ म्हणत झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून दुकानात जाणे जिवावर बेतू शकते. गाडी सुरू करताना आधी काचा उतरवून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. इंजिन लहान असल्याने चौघे बसल्यावर एसीचा भार लगेच जाणवतो. पांढरा रंग इथे आवडतो तो यासाठीही, कारण गडद रंग ऊन अधिक शोषतो.

कडुनिंबाची सावली मात्र फुकटची मिळते. त्याची किंमत वसंतात मोजावी लागते. गळलेली पाने समोरच्या काचेखालच्या जाळीत साचतात, पाणी वाहून जाण्याची वाट बुजते आणि पहिल्या पावसात आतले गालिचे ओले होतात. आठवड्यातून एकदा ती पाने हाताने काढली की झाले.

पाऊस इथे थोडेच महिने पडतो, पण कधी कधी दाणादाण उडवतो. १४ ऑगस्ट २०२०च्या मुसळधार पावसात शहराच्या काही भागांत मोटारी चिखलात रुतून बसल्या होत्या. छोटी गाडी जमिनीपासून फार उंच नसते. पाण्यात ती बंद पडली तर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नये. इंजिनात पाणी शिरले असेल तर त्याने मोठे नुकसान होते. ढकलून बाजूला घ्यावी आणि मेकॅनिकला बोलवावे.

रविवारची सैर

गाडीचे खरे मोल रविवारी वसूल होते. आमेर जवळच, अकरा किलोमीटरवर. आमेरच्या वाटेवरूनच नाहरगडाचा वळणावळणांचा चढ सुरू होतो. १७३४ मध्ये बांधलेल्या या किल्ल्यावरून संध्याकाळी सारे शहर पायाशी पसरलेले दिसते. खंडाळ्याचा घाट चढलेल्यांना हा चढ अवघड वाटणार नाही, पण नियम तोच. चढताना खालचा गिअर, आणि उतरतानाही खालचाच. सतत ब्रेक दाबून उतरले तर ते तापून पकड सोडतात. अजमेर सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. महामार्गावर मोठ्या ट्रकशेजारून जाताना हलकी गाडी जराशी हेलकावते. तिथे वेगाची ईर्ष्या न केलेलीच बरी.

अ‍ॅव्हरेजच्या पलीकडे

छोटी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ संसाराच्या हिशेबात तो योग्यच आहे. पण २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक-चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक झाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि २०२२च्या सुरुवातीपासून शेजारच्या आसनाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली. जुनी गाडी स्वस्तात घेताना ती कोणत्या वर्षीची आहे, हे म्हणूनच आधी पाहावे. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. आजी ‘मला आवळतो’ म्हणाली, तरीही!

बनी पार्कच्या घरांत छोटी गाडी मिरवण्यासाठी नसते. आजोबांना दवाखान्यात न्यायला, पहाटेच्या गाडीने येणाऱ्या लेकीला स्थानकावरून आणायला, संक्रांतीला मुलांना सुखरूप घरी पोहोचवायला ती हवी असते. बाकी दिवस ती कडुनिंबाखाली उभी राहिली तरी काही बिघडत नाही. हप्ता घरखर्चाला जड होत नाही, अंगणात मुलांना खेळायला जागा उरते आणि बाजारात मेट्रोने जायची सवय मोडत नाही, तोवर गाडी छोटी असण्याचा फायदा साऱ्या घराला मिळत राहतो.